देवीमागचं दार

फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या मनात दोनच शक्यता येतात. एक, हा पाकीट घेणारा असणार. दोन, घेत नसेल तर बावळट असणार. मी धारवाड-हुबळी भागात उभी हयात ही नोकरी केली आणि पाकीट कधी घेतलं नाही. दुसऱ्या शक्यतेबद्दल खाली लिहिलं आहे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यात जायचं. फिरत्या पट्ट्यावर जाळी आहे का, आग विझवायची नळकांडी भरलेली आहेत का, बाहेर पडायची दारं मोकळी आहेत का, बायकांना वेगळी मोरी आहे का, हे बघायचं आणि तपासणीच्या वहीत शेरा लिहायचा. काही नसेल तर नोटीस द्यायची. महिन्याभरात मालकाचं उत्तर येतं, ‘पूर्तता केली आहे.’ मग पुन्हा जाऊन खरंच केली आहे का ते बघायचं. हे ‘पुन्हा जाऊन’ आमच्या खात्याला कधी फारसं जमलं नाही. माझ्याकडे तीन तालुके आणि एक जीप होती, आणि ती जीप बहुतेक वेळा कुणाच्या तरी दौऱ्यामागे धावत असायची. शेवटच्या काही वर्षांत तर कुठल्या कारखान्यात जायचं हे संगणक ठरवू लागला आणि बाकीच्या मालकांनी आपला कारखाना सुरक्षित आहे असं स्वतःच लिहून द्यायचं ठरलं. पोरांनी आपापले पेपर आपणच तपासावेत, तसं. एकही पोरगं नापास झालं नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक पाहण्यासारखी होती. एका लेथच्या शेडमध्ये पिवळंधमक हेल्मेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेलं असायचं. मी गेलो की मालक ते काढून माझ्याच डोक्यावर ठेवायचे. कामगारांची कुठं आहेत म्हणून विचारलं तर म्हणायचे, त्यांना सवय आहे हो, नवीन माणसाला लागायची भीती जास्त. अमरगोळच्या बाजूला एका डाळ मिलमध्ये आगीचा भोंगा जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला सापडला. तो उगाचच वाजतो आणि हिशेबनीसांची दुपारची झोप मोडते, असं कारण मला अगदी गंभीरपणे देण्यात आलं. मी नोटीस दिली. पुढच्या खेपेला धोतर काढलेलं होतं आणि भोंग्याची वायरही.

हे किस्से मी घरी सांगायचो तेव्हा सगळ्यांत खूश व्हायचे आमचे मेहुणे, वसंतराव. धारवाडात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. कुठंही स्फोट झाला, छत कोसळलं, वायुगळती झाली की त्यांचं निदान तयार असायचं: भांडवलशाही. नफा हेच जिथं दैवत, तिथं माणूस मरणारच. मी म्हणायचो, अहो, कायदा आहे, तो नीट राबवला तर कुणी मरत नाही. ते म्हणायचे, कायदा राबवणारा तू. जीप आहे का तुझ्याकडे? हा वाद आमच्यात पंचवीस वर्षं चालला. दर रविवारी सकाळी नवनगरच्या आमच्या घरी दोन कप चहावर तो सुरू व्हायचा आणि जेवणापर्यंत कुणीच हरायचं नाही. पुढं या वादाची परीक्षाच व्हायची होती, पण ते आम्हाला कुठं ठाऊक.

आता प्रकाशअण्णांकडे येतो. प्रकाशअण्णा म्हणजे स्पंजच्या गाद्या करणाऱ्या एका मध्यम कारखान्याचे मालक. स्पंजचे मोठे ठोकळे यायचे, ते यंत्रावर कापायचे, डिंकासारख्या एका रसायनानं चिकटवायचे, कापड चढवायचं. स्पंज आणि तो चिकटा, दोन्ही पेटायला एक ठिणगी पुरते, आणि जळताना त्यातून जो काळा धूर निघतो तो जाळापेक्षा आधी माणसाला मारतो. म्हणून अशा ठिकाणी मागच्या बाजूला एक जादा दार लागतं. कामगार त्याला ‘इमर्जन्सीचं दार’ म्हणत. ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे आणि त्याच्यासमोर काही ठेवता कामा नये.

प्रकाशअण्णा माणूस म्हणून फार गोड. मी गेलो की चुरमुऱ्यांचं गिरमीट आणि मिरची-भजी आलीच पाहिजेत, नको म्हटलं तर स्वतः बशी घेऊन जीपपर्यंत येणार. दार होतं, बाहेरच उघडत होतं. पण त्याच्यासमोर कायम स्पंजच्या कातरणीची पोती. मी तीनदा नोटीस दिली. तिन्ही वेळा पोती हलली आणि तिन्ही वेळा परत आली. प्रकाशअण्णांचं म्हणणं असं की ते स्वतः कधी सांगत नाहीत, पण मोकळी जागा दिसली की माणसाचा हात राहत नाही. वसंतरावांच्या भाषेत सांगायचं तर तेवढ्या चौकोनाचंही भाडं वसूल होत होतं.

चौथ्या खेपेला मी चिडूनच गेलो, तर दारासमोरचा चौकोन लखलखीत. झाडून, पुसून, वर रांगोळी. दाराला टेकून एक पाट, पाटावर यल्लम्मादेवीचा फोटो, फोटोला शेवंतीची माळ, आणि शेजारी विजेचा लाल दिवा, कारण ज्योत पेटवायला मी आधीच बंदी केलेली. एकही पोतं नव्हतं.

ही शक्कल होती शांताक्काची. शांताक्का अळणावरकडच्या एका खेड्यातली, मराठी बोलणारी, कापड चढवणाऱ्या बायकांमधली सगळ्यांत जुनी. रोज पहाटेच्या बसनं यायची, तिच्याबरोबर तिची मैत्रीण गंगव्वा. गंगव्वा घरी कानडी बोलायची आणि शांताक्काशी मराठी, तेही निम्मं निम्मं. मी विचारलं तर शांताक्का मोठ्या साधेपणानं म्हणाली की साब सारखं रागावून जातात, मुकादम ऐकत नाही, मालक हसतात, तेव्हा तिला वाटलं देवीचं तरी ऐकतील. आणि ऐकलं. देवीसमोर पोतं टाकायची कुणाची छाती होती?

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तीन नोटिसांनी जे झालं नाही ते एका फोटोनं केलं होतं. मी वहीत शेरा लिहिला, तो मला आजही पाठ आहे: ‘आपत्कालीन दारासमोर कामगारांनी देवीची स्थापना केल्याने जागा कायम मोकळी व स्वच्छ राहते. पद्धत अनुकरणीय.’ सुरक्षा सप्ताहाच्या कार्यक्रमात मी हा किस्सा रंगवून सांगितला. टाळ्या पडल्या. साहेब लोकसुद्धा हसले. त्यानंतर दोन-तीन कारखान्यांत दारासमोर मारुती आणि बसवण्णा दिसू लागले तेव्हा मला आपण काहीतरी करून दाखवलं असं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी पाटाच्या जागी कट्टा आला. त्याच्या पुढच्या वर्षी कट्ट्याला ग्रॅनाइट लागलं, मग फोटोभोवती काचेची चौकट आणि वर कमान. सगळा खर्च प्रकाशअण्णांनी केला आणि एका पैशाचीही कुरकुर केली नाही. चौकट बसवताना दाराची कडी तिच्या मागे गेली. हे मी बघितलं का? बघितलंच असणार. दर खंडेनवमीला मी तिथं जात होतो. त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून पूजेला, केळीचे खुंट बांधलेले, कोहळा फोडलेला. मी पायातले बूट काढायचो, प्रकाशअण्णा चपला काढायचे, आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी त्या दाराकडे तोंड करून हात जोडून डोळे मिटायचो. मग प्रसाद घेऊन मी परत यायचो. वहीत ‘दार: मोकळे’ असं लिहिलेलं असायचं, आणि ते एका अर्थी खरंही होतं.

आग लागली ती भरदुपारी, कापायच्या यंत्राच्या बाजूला, वायर जळून. पुढच्या अंगाची माणसं पुढच्या शटरमधून पळाली. मागे कापड चढवायला बसलेल्या पाच बायका अर्थातच मागच्या दाराकडे धावल्या. आणि तिथं जाऊन थांबल्या. धूर येतोय, खोकला येतोय, समोर दार आहे, पण मधे देवी. शांताक्काला आधी फोटो नीट काढून घ्यायचा होता. गंगव्वा कट्ट्यावर चढली असती तर वरून कडीला हात पोचला असता, पण देवीच्या जागेला पाय लावायचा कसा, म्हणून ती बाजूच्या फटीतून हात घालत राहिली. किती वेळ गेला ते कुणाला सांगता येत नाही. शेवटी शांताक्कानं हातानंच काच फोडली. कडी गंजलेली होती, ती निघाली नाही. बाहेरून शेजारच्या शेडमधल्या लोकांनी पहारीनं दार तोडलं तेव्हा चौघी चालत बाहेर आल्या. गंगव्वाला उचलून आणावं लागलं. तिसऱ्या दिवशी इस्पितळातच ती वारली.

मी त्या दिवशी संध्याकाळी पोचलो. दार तुटलेलं, ग्रॅनाइट शाबूत. मी त्या कट्ट्याकडे बघत उभा होतो आणि मला माझाच शेरा आठवत होता.

लगेच चौकशी बसली. बेंगळूरूहून एक अधिकारी आले. प्रकाशअण्णांनी लेखी जबाब दिला की दार कारखान्यानं नियमाप्रमाणे ठेवलं होतं, पण शांताबाई नावाच्या कामगार बाईनं स्वतःच्या मनानं तिथं देवस्थान केलं, आणि कामगारांच्या धार्मिक भावना दुखावू नयेत म्हणून व्यवस्थापन हतबल होतं. हा जबाब सगळ्यांना फार सोयीचा होता. खात्यालाही. वर्तमानपत्रात ‘अंधश्रद्धेचा बळी’ असा मथळा आला. शांताक्का तेव्हा दोन्ही हातांना पट्ट्या बांधून हुबळीच्या सरकारी इस्पितळात पडली होती आणि मैत्रिणीला तूच मारलंस, असं बाहेरचं जग तिला सांगत होतं. गावाकडच्या लोकांनीही तसंच धरलं होतं. गंगव्वाचा मुलगा तिच्याशी बोलायचा बंद झाला होता.

कारखान्याची तपासणीची वही जळाली होती. माझ्या शेऱ्याची एकच प्रत उरली, ती माझ्या ऑफिसच्या फायलीत. प्रकाशअण्णांना तो शेरा माहीत नव्हता. मालक लोक शेरे वाचत नाहीत, खाली सही आहे का तेवढं बघतात. सुरक्षा सप्ताहातला किस्सा खात्यात कुणाला आठवत असला तरी आता कुणी तो काढत नव्हतं, आणि तो कागदावर आहे हे फक्त मला ठाऊक होतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

रविवारी वसंतराव आले. मी पहिल्यांदाच त्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मी म्हटलं, हा मी चौकशीत दिला तर शांताक्का सुटते, तिनं जे केलं त्याला सरकारी शाबासकी होती हे दिसतं. पण मग प्रकाशअण्णाही सुटतो, कारण त्यालाही शाबासकी होती. अडकतो मी एकटा.

वसंतरावांनी कागदाची घडी करून तो माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “नको देऊ. हा कागद म्हणजे भांडवलदाराच्या हातात आयतं कोलीत आहे. उद्या प्रत्येक मालक म्हणेल, सरकारनंच सांगितलं होतं. तत्त्वाचा प्रश्न आहे हा.”

“आणि शांताक्का?”

“ती व्यवस्थेची बळी आहे,” ते म्हणाले, आणि चहाचा कप उचलला.

मला त्यांचा राग आला नाही, कारण मला हवं तेच ते सांगत होते. तत्त्वासाठी गप्प बसायला मिळत असेल तर कोण सोडतं? मी कागद परत फायलीत ठेवला.

मंगळवारी प्रकाशअण्णा स्वतः माझ्या ऑफिसात आले. खचले होते, खोटं कशाला सांगू. समोरच्या खुर्चीत बसून डोळे पुसत म्हणाले, “साहेब, तुमीच कडक राहायला पायजे होतं बगा. दंड ठोकला असता, कुलूप लावलं असतं, मी दार मोकळं ठेवलं असतं की. आमी धंद्याची माणसं. जेवढं चालतंय तेवढं चालवतो.” भांडवलदार माझ्यासमोर बसून कडक सरकार मागत होता आणि समाजवादी मेहुणा मला कागद दडवायला सांगत होता. पंचवीस वर्षांच्या आमच्या वादाचा असा निकाल लागेल असं मला वाटलं नव्हतं. मी प्रकाशअण्णांना चहा पाजला. कागदाबद्दल बोललो नाही.

एकोणीस दिवस मी तो कागद फायलीत ठेवला. हे लिहायला जड जातंय, पण लिहिलं पाहिजे. त्या एकोणीस दिवसांत मी रोज ऑफिसला गेलो, सुभाष रोडवरून भाजी आणली, एका लग्नाला जाऊन आलो.

विसाव्या दिवशी इस्पितळात गेलो, तेही खात्याच्या कामासाठी, शांताक्काचा जबाब घ्यायला. तिला लिहिता येत नव्हतं आणि आता अंगठाही पट्टीत होता. मी वही उघडून रीतसर विचारलं, देवी तिथं कुणाच्या सांगण्यावरून ठेवली? ती म्हणाली, कुणाच्याच नाही, आपल्याच. मी विचारलं, दार उघडत नाही हे तुम्हाला माहीत होतं का?

शांताक्काच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं.

“साब, तुमी दर साली येऊन हात जोडत होतासा न्हवं? मग आमास्नी वाटायचं, दार चांगलं हाय. शिकल्याला माणूस बगितल्याबिगर हात कशाला जोडंल?”

मी जबाब तिथंच थांबवला. ऑफिसात येऊन फाईल काढली, शेऱ्याची प्रत आणि सोबत दोन पानी निवेदन, माझ्या सहीनं. आपण दर वर्षी दार न उघडता ‘मोकळे’ असं लिहीत आलो हेही त्यात लिहिलं.  त्याच दिवशी ते चौकशी अधिकाऱ्यांकडे पोचवलं.

पुढचं सगळं तुम्हाला अंदाजानं कळेल. चौकशीचा अहवाल आला तो चांगला जाडजूड होता. निष्कर्ष असा की ‘व्यवस्थापनाची अनास्था आणि खात्याची शिथिलता या दोन्ही बाबी सारख्याच जबाबदार आहेत’. दोघं सारखेच जबाबदार म्हटल्यावर एकालाही काही करायची गरज उरत नाही. प्रकाशअण्णांना थोडा दंड झाला, तो भरून त्यांनी पलीकडच्या रस्त्याला बायकोच्या नावानं नवीन शेड टाकली. मला ताकीद मिळाली आणि आठ महिन्यांनी शाल-श्रीफळ. निरोप समारंभात एका सहकाऱ्यानं भाषणात माझी ‘देवीची कल्पना’ सांगायला सुरुवात केली, मग कुणीतरी त्याचा सदरा ओढला. आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: कामगार शांताबाई यांचा कोणताही दोष दिसून येत नाही. एवढ्या जाड अहवालातली तेवढी एक ओळ मी झेरॉक्स करून घेतली आणि अळणावरच्या बसनं त्यांच्या गावी जाऊन गंगव्वाच्या मुलाला वाचून दाखवली. कानडीत, दोनदा. त्यानं मला पाणी दिलं, आणि मी निघताना तो स्वतः शांताक्काच्या घराकडे गेला.

वसंतराव अजून रविवारी येतात. भांडवलशाही की ढिलं सरकार, हा वाद आता आम्ही घालत नाही. मला विचाराल तर ही दोघं काही शत्रू नव्हेत. मी त्यांना दर खंडेनवमीला शेजारी शेजारी उभं राहून एकाच दाराला हात जोडताना बघितलं आहे, आणि त्यातला एक मी होतो.

गेल्या खंडेनवमीला शांताक्काचा निरोप आला, या म्हणून. ती पुन्हा प्रकाशअण्णांकडेच कामाला आहे. दुसरीकडे काम का बघितलं नाही, असं मी विचारलं नाही. नवीन शेडमध्ये प्रकाशअण्णा दारातच भेटले, थोडे वाळलेले, गिरमिटाची बशी हातात. यल्लम्मादेवी आता पुढच्या भिंतीवर होती, यंत्रांपासून लांब. मी तिथं नमस्कार केला आणि चालत मागे गेलो.

मागचं दार होतं. समोर पिवळा पट्टा मारलेला, पोती नव्हती. पण दाराच्या फळीवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, गंगव्वाचा छोटा फोटो चार स्क्रूंनी घट्ट बसवलेला, त्याला शेवंतीची माळ.  पुन्हा तेच, मनात आलं. आणि तरीही, काय सांगू तुम्हाला, सवयीनं पाय बुटातून बाहेर आले आणि हात आपोआप जुळायला लागले.

मागून शांताक्का म्हणाली, “साब, हात मागनं जोडा. आदी दार ढकलून बगा.”

मी हात खाली घेतले आणि दार ढकललं. बिजागरीला तेल घातलेलं होतं, आवाजही झाला नाही. रोज सकाळी कामाला बसायच्या आधी ती हे करते, असं तिनं सांगितलं. दार पूर्ण उघडलं, आणि त्याच्यावरची गंगव्वा दारासकट बाहेर उन्हात गेली.